बिघाड शोधण्याची मजुरी

दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात वाजते ते बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर. ‘टाकलंत काय, तर दोन कंडेन्सर, आणि त्याचे एवढे पैसे?’ भाग स्वस्त आणि मजुरी जास्त, म्हणजे आपल्याला गंडवले, हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसला आहे. माझ्या मते हा हिशेबच उलटा आहे आणि आपल्याकडची दुरुस्तीची विद्या आटत चालली आहे त्याला तो मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे. कुठलीही वस्तू दुरुस्त करताना सर्वांत अवघड, वेळखाऊ आणि मोलाचे काम असते ते बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्याचे. एकदा तो सापडला की खराब भाग काढून नवा लावायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आपण राजीखुशीने पैसे देतो ते या दहा-पंधरा मिनिटांचे आणि त्या भागाचे. शोधण्यात गेलेले दोन तास मात्र कारागिराने पदरचे घालावेत अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा आपण सोडत नाही तोवर दुरुस्तीच्या हक्काचे कितीही कायदे आले तरी दुरुस्ती करणारी माणसे उरणार नाहीत. हे समजून घ्यायचे तर अनेक घरांच्या माळ्यावर पडून असलेल्या जुन्या स्टिरिओकडे पाहावे. शोध आणि डागडुजी यांतला फरक इतका उघडपणे दाखवणारी घरगुती यंत्रे थोडीच असतील.

हे स्टिरिओ मुख्यतः १९७० आणि १९८०च्या दशकांतले. कोणाकडे सोनोडाइनचा अॅम्प्लिफायर, कोणाकडे कॉस्मिकचा, कोणाकडे फिलिप्सचा रेकॉर्ड प्लेअर. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर तेव्हा जबर आयातशुल्क होते. त्यामुळे आकाई, सान्सुई, पायोनियर, सोनी यांचे संच घरात यायचे ते आखातात नोकरीला असलेल्या कोणाबरोबर तरी. कोकणातल्या कितीतरी घरांत ते असेच पोहोचले. एवढ्या कष्टाच्या पैशाने घेतलेली वस्तू बंद पडली तरी भंगारवाल्याला द्यायचा जीव झाला नाही, म्हणून ती माळ्यावर गेली. या संचांची रचना उघडी आणि कळण्याजोगी असते. चार-सहा स्क्रू काढले की झाकण निघते. आत मोठा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या शेजारी दोन जाडजूड फिल्टर कंडेन्सर, आणि मग प्रत्येक ट्रान्झिस्टर, प्रत्येक रेझिस्टर वेगवेगळा, बोट ठेवून दाखवता येईल असा. चाळीस-पन्नास वर्षांनी यात काय बिघडते याची यादीही फार लांब नाही. स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या आतल्या पत्र्यांवर ऑक्सिडेशनचा थर चढतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो लवकर चढतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला द्राव सुकतो. तापून-निवून सोल्डरच्या जोडांना तडे जातात. टेप डेकचे रबरी पट्टे सैल तरी पडतात, नाहीतर वितळून चिकट होतात. स्पीकरच्या कडेची फोमची झालर भुगा होऊन गळते. बाकीचा संच, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सांगाडा, हजारो जोडण्या, हे सगळे बहुतेक वेळा धडधाकट असते. संच ‘गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात एखादा जोड, एखादा थर, एखादा सुकलेला कंडेन्सर गेलेला असतो. तो कुठला, एवढाच प्रश्न. पण तो प्रश्न मोठा आहे.

समजा, तक्रार अशी की डाव्या बाजूचा स्पीकर गप्प आहे. चांगला कारागीर लगेच झाकण उघडत नाही. आधी तो मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करतो. आता उजवा स्पीकर गप्प झाला, तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे. डावाच गप्प राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत. मग रेकॉर्ड प्लेअरकडून येणाऱ्या पिनांची अदलाबदल. त्या काळच्या अनेक अॅम्प्लिफायरच्या पाठीवर प्रीअॅम्प आणि पॉवर अॅम्प जोडणाऱ्या छोट्या धातूच्या पट्ट्या असतात. त्या काढून पुन्हा अदलाबदल केली की संचाचा निम्मा भाग संशयातून सुटतो. एवढे होईपर्यंत एक पैशाचाही भाग लागलेला नाही, पण शेकडो भागांपैकी बहुतेक निर्दोष ठरले आहेत. यानंतर झाकण उघडायचे, आणि इथे स्टिरिओची एक फार मोठी सोय कामी येते. डावी आणि उजवी अशी दोन अगदी सारखी सर्किटे त्यात शेजारीशेजारी असतात आणि त्यातले एक चालू असते. मल्टीमीटर घेऊन चालू बाजूच्या एकेका बिंदूवरचा दाब मोजायचा आणि बंद बाजूशी ताडून पाहायचा. चालू ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट मिळतात. ज्या जागी उजवीकडे तेवढे आहेत आणि डावीकडे भलतेच काही आहे, तिथे थांबायचे. सर्किटची पाटी उलटी करायची, भिंग धरायचे. ट्रान्झिस्टरच्या पायाभोवती, सोल्डरच्या चकचकीत टेकाडावर, केसाहून बारीक काळपट गोल रेघ दिसते. पाय सोल्डरपासून सुटला आहे. दुकानात याला ड्राय सोल्डर म्हणतात. गरम सोल्डरिंग आयर्नचे टोक टेकवायचे, थोडे नवे सोल्डर घालायचे, झाले. या दुरुस्तीत भागाचा खर्च शून्य. मग बिल किती व्हावे?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर शोधाची किंमत मान्य करावीच लागते. आणि हे उदाहरण तर सोपे आहे. गुरगुर येते अशी तक्रार असेल तर निदान आणखी बारीक होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. अॅम्प्लिफायरमधला रेक्टिफायर तिच्या लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, म्हणून वीजपुरवठ्याच्या भागातला फिल्टर कंडेन्सर सुकला तर स्पीकरमधून येणारी गुरगुर १०० हर्ट्‌झची असते. तारेचे आवरण तुटले असेल किंवा अर्थिंगचा घोळ असेल तर ती बहुधा ५० हर्ट्‌झची, आणखी खालच्या पट्टीतली. सरावलेल्या कानाला हा फरक कळतो. गाणे ऐकणाऱ्या माणसाला दोन सप्तकांतला एकच स्वर ओळखायला जड जाऊ नये. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे व्हॉल्यूम फिरवून पाहणे. आवाज कमी केल्यावर गुरगुरही कमी झाली तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या टप्प्यात. काहीच फरक पडला नाही तर दोष त्याच्या पुढे किंवा वीजपुरवठ्यात. एवढे कळणाऱ्याने पाच मिनिटांत नेमक्या भागावर बोट ठेवलेले असते. ज्याला हे कळत नाही, किंवा हे करण्याचे पैसे ज्याला मिळत नाहीत, तो काय करतो? सरसकट सगळे कंडेन्सर बदलतो. हल्ली जुन्या स्टिरिओचे शौकीनही हाच मार्ग धरतात. त्यात कधी चांगले भाग फेकले जातात, कधी नवा कंडेन्सर उलटा बसतो, कधी जुनी पाटी तापून तिच्यावरची तांब्याची पट्टी सुटते. मूळ दोष ड्राय सोल्डरचा असेल तर तो कधी नकळत जाग्यावर येतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो.

निदान टाळण्याचे सर्वांत महाग उदाहरण मात्र रिलेचे आहे. जपानी अॅम्प्लिफायर चालू केला की तीन-चार सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो. तो स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा. अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी एकदिश दाब, म्हणजे डीसी, येत नाही ना हे संरक्षक सर्किट पाहते, सगळे ठीक असेल तरच रिले जोडते. तंदुरुस्त संचात हा दाब साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत असतो. आउटपुट ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला तर तोच तीस-चाळीस व्होल्टांवर जातो आणि मग ‘टक्’ होत नाही. घरच्यांच्या दृष्टीने संच बंद पडला. खरे तर त्याने स्पीकर वाचवलेला असतो. अशा वेळी घाईचा कारागीर रिलेला बगल देऊन स्पीकर ‘डायरेक्ट’ करतो. मिनिटाभरात स्पीकरची कॉइल जळते आणि शंभर रुपयांचे काम हजारांवर जाते. फ्यूजचेही तसेच. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार लावणारा हात आणि ट्रान्सफॉर्मर जाळणारा हात एकच असतो. जाणता कारागीर अशा संचाला थेट वीज देतच नाही. तो साधा साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि संच सुरक्षित राहतो. नसेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. होल्डर, बल्ब आणि दोन हात वायर, एवढ्यावर हे साधन होते. परदेशातून आलेल्या संचाच्या बाबतीत तर पाठीमागचा व्होल्टेजचा खटका आधी पाहायचा असतो. जपानच्या घरगुती बाजारातला संच १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो खुपसला की निदान करायला फारसे काही शिल्लक राहत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो मधूनमधून डोकावणारा दोष. संच दुकानात तासभर झकास वाजतो, घरी नेला की बंद. तापल्यावर तुटणारा जोड थंड दुकानात सापडत नाही. कारागिराला संच उघडा ठेवून वाजवत बसावे लागते, लाकडी काडीने एकेक भाग हलवून पाहावा लागतो, हेअर ड्रायरने पाटीचा एकेक कोपरा तापवावा लागतो. यात अख्खी दुपार जाते. आणि शेवटी सापडतो तो दोन रुपयांचा भाग, किंवा फक्त एक जोड.

आता या कामाच्या बिलाकडे पाहू. शोधाचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक उठून जाते, हे कारागिराला अनुभवाने माहीत असते. म्हणून तो त्यातल्या त्यात तीन वाटा शोधतो. एक, शोधाचे पैसे भागांच्या किमतीत लपवतो. दोन रुपयांचा कंडेन्सर बिलावर दीडशेचा होतो. दोन, गरज नसलेले भाग बदलतो, कारण बदललेल्या भागांचेच पैसे मिळतात. तीन, संच घेतच नाही, ‘याचे पार्ट मिळत नाहीत’ असे सांगून मोकळा होतो. तिसऱ्या वाटेने गेलेला संच थेट भंगारात पोहोचतो. दुरुस्तीवाले लबाड असतात ही तक्रार आपण सर्रास करतो, पण ती लबाडी आपणच ठरवलेल्या दराच्या पद्धतीतून उगवते. ज्या कामाला प्रामाणिकपणे दाम नाही ते काम अप्रामाणिकपणे वसूल होणारच. डॉक्टरकडे आपण असे वागत नाही. तपासून ‘काही नाही, विश्रांती घ्या’ असे सांगणाऱ्या डॉक्टरलाही आपण फी देतो, कारण तपासण्याचेच ते पैसे आहेत हे आपल्याला मान्य असते.

यावर सरळ प्रश्न येईल: तपासणीचे पैसे घेऊन कारागिराने काहीच तपासले नाही तर? झाकण उघडून, फुंकर मारून, ‘आयसी गेलाय’ असे सांगून पाचशे रुपये घेतले तर गिऱ्हाईकाने करायचे काय? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यामागे लोकांचे खरोखरचे अनुभव आहेत. पण त्याचे उत्तर तपासणी फुकट करून घेणे हे होऊच शकत नाही. फुकट तपासणीत फसवणूक होत नाही असे थोडेच आहे? ती फक्त दिसत नाही. उत्तर आहे ते तपासणी डोळ्यांना दिसेल अशी करणे. फीच्या पावतीवर काय मोजले आणि किती आले हे लिहून द्यावे: डाव्या बाजूच्या आउटपुटवर ३८ व्होल्ट डीसी, उजव्या बाजूला १२ मिलिव्होल्ट, डावीकडचे दोन आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. एवढ्या दोन ओळी घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते, तिथे तेच मोजून घेऊ शकते. खोटे लिहिणारा लगेच उघडा पडतो. दुरुस्ती त्याच दुकानात केली तर तपासणीची फी बिलात वळती करावी, काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत, आणि नवे भाग त्यांच्या खऱ्या किमतीला लावावेत. यातली एकही गोष्ट अवघड नाही. मोटारींच्या गॅरेजमध्ये जुने भाग मागून घेण्याची पद्धत अनेकजण पाळतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर ती आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. दोन हजारांत ब्लूटूथ स्पीकर मिळतो, मोबाइलवर जगातले सगळे संगीत आहे. मग चाळीस वर्षांच्या खोक्यावर दोन-तीन हजार का घालायचे? केवळ सूर ऐकू यावेत एवढीच गरज असेल तर या आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रत्येक जुना संच जिवंत केलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. १९९०च्या दशकात खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे छापून विकलेले प्लॅस्टिकचे संच आठवा. त्या आकड्याला कुठल्याही मान्य मोजमापाचा आधार नव्हता. खरी ताकद त्याचा लहानसा अंश असे. असा संच उघडल्यावर कारागिराने ‘यात पैसे घालू नका’ असे सांगितले तर तोही निदानाचाच निकाल आहे आणि तोही पैसे देण्याजोगा आहे. किंबहुना तपासणीची फी वेगळी असेल तरच कारागीर असे खरे सांगू शकेल. आज ‘नको’ म्हणण्यात त्याचे फक्त नुकसान आहे. पण चांगल्या बांधणीच्या अॅम्प्लिफायरची गोष्ट निराळी. त्याला दोन मोठे स्पीकर जोडले, ते खोलीत अंतरावर ठेवले की सतार एकीकडे आणि तबला दुसरीकडे ऐकू येतो; तळहाताएवढ्या एका डब्यातून तो प्रत्यय येणे शक्य नाही. शिवाय त्या डब्यातली बॅटरी काही वर्षांत थकते आणि बरेचदा ती बदलण्याची सोयच नसते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागातून निघणाऱ्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. या ढिगात दोन रुपयांच्या दोषापायी गेलेल्या वस्तू किती, हे कोणी मोजलेले नाही. मोजायचे तर आधी त्या तपासाव्या लागतील.

भाग मिळत नाहीत, हा आक्षेप निम्मा खरा आहे. कंडेन्सर, रेझिस्टर, रिले, बेल्ट, फोमच्या झालरी हे सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधले तर मिळते. १९६०च्या दशकात आलेला २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर आजही बनतो. अडचण येते ती खास भागांची. सान्योच्या एसटीके मालिकेतल्या पॉवर आयसींचे मूळ उत्पादन थांबले आहे आणि त्या नावाचा बनावट माल बाजारात भरपूर आहे. जुन्या जपानी ट्रान्झिस्टरचीही तीच गत. बनावट भाग लावला की संच महिनाभर वाजतो आणि पुन्हा जळतो, दोष मात्र कारागिराच्या माथी. इथेही निदान उपयोगी पडते. भाग का जळला हे कळल्याशिवाय नवा लावायचा नाही, आणि मूळचा मिळत नसेल तर त्याच गुणधर्मांचा आजचा पर्याय निवडायचा. हे दुकानदाराच्या काउंटरवर विचारून होत नाही. त्यासाठी सर्किट वाचता यावे लागते.

आणि सर्किट वाचायला ते हाती असावे लागते. या जुन्या संचांची खरी श्रीमंती इथे आहे. त्या काळच्या मोठ्या कंपन्या प्रत्येक मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल छापत. त्यात पूर्ण सर्किट डायग्राम, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवर किती व्होल्ट हवेत त्याचे आकडे, कुठला स्क्रू फिरवून काय किती ठेवायचे याच्या सूचना असत. वाल्व्हच्या अनेक रेडिओंमध्ये तर सर्किटचा कागद पेटीतच चिकटवलेला असे. हा कागद हाती असला की तीन तासांचा शोध अर्ध्या तासावर येतो. आजच्या साउंडबारच्या बाबतीत असा कागद स्वतंत्र कारागिराला मिळत नाही. म्हणून दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेकडे मी याच नजरेने पाहतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले, आणि मे २०२५ मध्ये वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्याच्या चौकटीचा अहवालही विभागाला सादर झाला. फ्रान्समध्ये असे गुण १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंसाठी दाखवणे सक्तीचे आहे आणि त्यांच्या निकषांत दुरुस्तीची कागदपत्रे उपलब्ध आहेत का हाही एक निकष आहे. आपल्याकडची चर्चा मात्र सुट्या भागांभोवती आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरभोवती जास्त फिरते. सुटे भाग हवेतच. पण सर्किट आणि मोजमापांचे आकडे खुले केल्याशिवाय नुसते भाग पुरवले, तर कारागीर निदान न करता पाटीच्या पाट्या बदलेल, आणि एक कंडेन्सर गेलेला असताना पूर्ण पाटीची किंमत आपल्याला मोजावी लागेल. विक्री थांबवलेल्या मॉडेलचे सर्किट तरी ठरावीक मुदतीनंतर जाहीर करण्याची सक्ती व्हावी. त्यात कंपनीचे कुठले व्यापारी गुपित धोक्यात येते, हे मला खरोखर कळत नाही. स्पर्धक कंपनी हवे तर संच विकत घेऊन केव्हाच उघडून पाहू शकते.

राहता राहिला प्रश्न माणसांचा. आयटीआयमध्ये पूर्वी रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम असे. आज इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा आहे. तिथे सोल्डरिंग शिकवतात, मीटर धरायला शिकवतात. मुद्दाम बिघडवलेला संच समोर ठेवून ‘दोष शोध, आणि प्रत्येक पायरीला काय मोजलेस, का मोजलेस ते लिही’ ही परीक्षा मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने अनेकदा द्यायला हवी, आणि जुना स्टिरिओ त्यासाठी उत्तम आहे: भाग मोठे, सर्किट कागदावर, आणि चालू बाजू ताडून पाहायला शेजारीच. दाबही वाल्व्ह सेटसारखा शेकडो व्होल्टांचा नाही, अर्थात मेनची बाजू आणि भरलेले फिल्टर कंडेन्सर यांच्याशी सावध राहावेच लागते. ते रेझिस्टर लावून रिकामे करायची सवयही तिथेच लागते. घरच्यांनीही थोडा वाटा उचलावा. ‘बघा जरा, बंद आहे’ एवढे सांगून संच ठेवून न जाता कुठली बाजू जाते, चालू केल्यावर की तापल्यावर, व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का, सुरुवातीचा ‘टक्’ ऐकू येतो का, एवढे चार ओळींत लिहून दिले तरी कारागिराचा तास वाचतो. पुढच्या पट्टीवरचे ‘टेप मॉनिटर’ बटण चुकून दाबलेले राहिल्याने दोन्ही बाजू गप्प झालेले संचही दुकानात येतात. तेवढे घरीच पाहता येते. आणि दुकानात पाऊल ठेवताच ‘तपासायचे किती घ्याल?’ असे आपणच विचारावे. आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा आज मोबाइलच्या काचा बदलायला बसतो, कारण काच फुटली आहे हे दोघांनाही दिसते, निदान लागत नाही आणि बिलावर वाद होत नाही. सर्किट वाचू शकणाऱ्या मुलाला तपासणीची वेगळी फी नियमित मिळू लागली, तर त्यालाही ते काम सोडून काचा बदलायला जाण्याचे कारण उरणार नाही.